वाटेचा हक्क : शिडांच्या शर्यतीतील नियम आणि निवाडा

शिडांच्या होड्यांची शर्यत पट्ट्यांविना होते. माण-खटावकडे, म्हसवडच्या आसपास, बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यांना आपापली चाकोरी आखून दिलेली असते. मुंबई बंदरात मात्र होड्या वाऱ्याविरुद्ध तिरक्या चढतात आणि एकमेकींच्या वाटा सतत छेदतात. त्यामुळे कोणी कुठून जावे, हे या खेळाचे नियम सांगत नाहीत. दोन होड्या जवळ आल्या की कोणी बाजूला व्हायचे, हे ते ठरवतात.

नियमपुस्तक ‘वर्ल्ड सेलिंग’ ही आंतरराष्ट्रीय संघटना काढते आणि दर चार वर्षांनी सुधारते. चालू आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू असून तिची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या मुंबईत हा खेळ जुना आहे. १९८२च्या आशियाई स्पर्धेतील शिडांच्या शर्यती याच शहरात झाल्या आणि एंटरप्राइज वर्गात फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले.

वाटेचा हक्क मुळात चार नियमांवर उभा आहे. वारा होडीच्या उजव्या बाजूने येत असेल तर ती ‘स्टारबोर्ड टॅक’वर, डाव्या बाजूने येत असेल तर ‘पोर्ट टॅक’वर. दोन होड्या वेगवेगळ्या टॅकवर असतील तर पोर्टवाली बाजूला होते. दोघी एकाच टॅकवर, शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याकडची होडी वाऱ्याआडच्या होडीला वाट देते. एक पुढे आणि दुसरी पूर्ण मागे असेल तर मागचीने सांभाळायचे. टॅक बदलताना होडीचे टोक वाऱ्याच्या रेषेपलीकडे गेले की नव्या दिशेवर स्थिर होईपर्यंत तिने इतरांपासून दूर राहायचे.

हे चार नियम पाठ करायला वेळ लागत नाही. अडचण त्यांच्या मर्यादांपाशी सुरू होते. स्वतःच्या हालचालीने नुकताच हक्क मिळवलेल्या होडीने समोरच्या होडीला सुरुवातीला दूर होण्यापुरती जागा द्यायची असते. हक्क असलेली होडी दिशा बदलत असेल तरी समोरचीला दूर राहण्याची सोय ठेवावी लागते. शिवाय टक्कर टाळण्याचे बंधन हक्कवाल्या होडीवरही आहे. म्हणून ‘मी स्टारबोर्डवर होतो’ एवढ्याने वाद संपत नाही. त्याआधीच्या काही सेकंदांत काय घडले, ते पाहावे लागते.

नेहमीचा वाद असा : पोर्टवरची होडी स्टारबोर्डवरच्या होडीपुढून वाट छेदून जाते. स्टारबोर्डवाला सुकाणू वळवून मागून निघतो आणि ‘प्रोटेस्ट’, म्हणजे तक्रार, असे ओरडतो. पोर्टवाल्याचे म्हणणे, वळायची गरजच नव्हती, होडी आरामात पुढे गेली असती. आंतरराष्ट्रीय निर्णयसंग्रहातील पन्नासाव्या प्रकरणाने याची कसोटी घालून दिली आहे. प्रत्यक्ष टक्कर झाली असती, हे सिद्ध करावे लागत नाही. स्टारबोर्डवाल्याने दिशा खरोखर बदलली आणि ती बदलली नसती तर पोर्टची होडी सुखरूप पुढे गेली असती याबद्दल वाजवी शंका उरली, तर पोर्टवाला दोषी. टकरीची भीती खरी आणि वाजवी नव्हती, असे तक्रारीचा निवाडा करणाऱ्या समितीला आढळले तर प्रोटेस्ट फेटाळला जातो.

ज्याला वळसा घालायचा त्या तरंगत्या खुणेपाशी, म्हणजे बोयापाशी, गुंता वाढतो. बोयाभोवतीचा तीन होडी-लांबींचा टापू म्हणजे ‘झोन’. मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीसाठी तो सुमारे ७ मीटर, तर जे-२४ या मोठ्या होडीसाठी सुमारे २२ मीटर भरतो. पहिली होडी झोनमध्ये शिरते त्या क्षणी दोघी शेजारी असतील, तर बाहेरचीने आतलीला वळशापुरती जागा द्यायची. तो क्षण सगळ्यांना वेगवेगळा दिसतो. त्यावर नियमातच तोड आहे : होडी वेळेत शेजारी आली की नाही, किंवा वेळेत सुटली की नाही, याबद्दल वाजवी शंका असेल तर तसे झाले नाही, असेच धरायचे. वाऱ्याविरुद्ध चढताना वेगवेगळ्या टॅकवरून बोयाकडे येणाऱ्या होड्यांना मात्र हा जागेचा नियम लागत नाही. तिथे पोर्ट-स्टारबोर्डच चालते.

मुंबई बंदरात भरती-ओहोटीची ओढ मोठी. ओढीने होडी बोयावर ढकलली गेली, हे निमित्त चालत नाही. बोयाला स्पर्श झाला की एक गिरकी, म्हणजे एक टॅक (टोक वाऱ्यातून फिरवणे) आणि एक जाइब (मागची बाजू वाऱ्यातून फिरवणे). दुसऱ्या होडीशी संबंधित नियम मोडला तर दोन गिरक्या. गंभीर नुकसान वा इजा झाली, किंवा चुकीतून मोठा फायदा उठवला गेला, तर शर्यत सोडायची. अनेक होड्यांच्या नेहमीच्या शर्यतीत शिट्टी फुंकणारा पंच नसतो. चूक ओळखून गिरकी घ्यायची ती नाविकानेच.

ती घेतली नाही तर प्रोटेस्ट. पहिल्या वाजवी संधीला तो शब्द मोठ्याने उच्चारायचा. होडी सहा मीटर किंवा अधिक लांबीची असेल तर लाल झेंडाही लावायचा. नंतर लेखी अर्ज मुदतीत द्यायचा. समिती आधी अर्जाची वैधता तपासते. हितसंबंध गुंतलेला सदस्य बाजूला होतो. दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात, टेबलावर छोट्या नमुना-होड्या ठेवून वाऱ्याची दिशा दाखवतात आणि आपापली हकिगत मांडतात. साक्षीदार एकेक करून आत येतात. वारा किती होता, अंतर किती होडी-लांबींचे, सुकाणू कधी वळले, ओरड कधी झाली, असे प्रश्न विचारले जातात.

मग पक्षांना बाहेर पाठवून समिती तीन टप्प्यांत लिहिते : आढळलेली वस्तुस्थिती, त्यावर लागू पडणारा नियम, आणि निर्णय. हा क्रम उलटला, म्हणजे नियम आधी निवडून घटना त्यात बसवली, तर निवाडा फसतो. निर्णयाविरुद्ध अपील राष्ट्रीय संघटनेकडे, म्हणजे भारतात यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे जाते. तिथे नियमाचा अर्थ आणि सुनावणीची पद्धत यांना आव्हान देता येते. समितीने नोंदवलेल्या वस्तुस्थितीला देता येत नाही.