पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताय?

खामगाव, चिखली, मेहकरकडच्या पोरांचा ठरलेला प्रश्न: "दादा, स्वस्तात कुठली घेऊ?" माझं मत यामाहाच्या पॅसिफिका 012 ला. ब्रिजजवळ हमबकर, पुढे दोन सिंगल कॉइल. स्वच्छ आवाज मिळतो आणि डिस्टॉर्शनही पेलतं. दुसरा पर्याय स्क्वायर सोनिक. फ्लॉइड रोज ब्रिजवाली मात्र सध्या नकोच. एक तार तुटली की अख्खी गिटार बेसूर!

ऑनलाइन मागवली तर आल्याआल्या तपासा. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण 2 मिमी उंच हवी. मग मानेच्या कडेवरून बोट फिरवा. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. ती बारीक कानशीनं घासता येतात. मान वाकली असेल तर ट्रस रॉड ॲलन कीनं फिरवायचा, एका वेळी पाव फेरा, घाई नाही. आणि कूलरच्या झोतात गिटार ठेवू नका, दमट हवेनं तारा गंजतात.

घरात 10 वॅटचा ॲम्प भरपूर झाला. लाईट जात असेल तर बॅटरीवरचा हेडफोन ॲम्प घ्या, शेजारीही खूश. तारा 9-42 च्या, दोन संच एकदम मागवा.