परळची लस आणि बावीस अक्षरांचा तुकडा

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. दोनच वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. लस म्हणजे काय, तर तुपाचे थेंब सोडलेल्या रश्श्यात वाढवून उष्णतेने मारलेले जंतू! त्या जंतूंबरोबर त्यांचे डीएनएही अंगात जाई.

हे डीएनए शरीराला डिवचते, हे कळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. जपानात तोकुनागा यांनी १९८४ साली बीसीजीच्या जंतूंच्या डीएनएत हा गुण पाहिला. १९९५ साली अमेरिकेत आर्थर क्रीग यांनी त्यातली नेमकी खूण हुडकली. 'सी'च्या पाठोपाठ 'जी', एवढीच ती जोडी. जंतूंत ती जागोजागी आणि उघडी. माणसात कमी, आणि बहुधा मिथाइलचे टोपडे घातलेली. बोडकी जोडी दिसली, की पेशीतला टीएलआर-९ नावाचा पहारेकरी आरोळी ठोकतो.

आता त्यासाठी जंतूही नको. बावीस अक्षरांचा तुकडा कृत्रिम रीतीने जुळवतात आणि त्याच्या कण्यात गंधक घालतात, म्हणजे शरीर त्याला लगेच कुरतडत नाही. हैदराबादच्या कोर्बेव्हॅक्स लशीत हाच तुकडा होता. मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना ती देऊ लागले. माझी गिरगावची भाची दंड चोळीत म्हणाली, "मामा, पोलिओसारखे थेंबच का नाही देत?"

प्रश्न बिनतोड! पोलिओचे थेंब परळच्या हाफकिनमध्येही तयार झाले आहेत. पण त्यांतला विषाणू जिवंत. तो आतड्यात आपणहून वाढतो. आपला तुकडा वाढत नाही, आणि पोटातले आम्ल व पाचकरस त्याला सोडीत नाहीत. मग नाकातून द्यावा? उंदरांत ते साधले आहे; रोग जिथून शिरतो त्या नाकातच प्रतिपिंडे तयार झाली. दंडातल्या सुईने ती मुख्यतः रक्तात होतात, नाकात थोडीच. मात्र उंदराच्या अनेक तऱ्हेच्या पेशींत हा पहारेकरी असतो, आपल्या मोजक्याच. शिवाय नाकाची वाट नाजूक. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हिवाळ्यात नाकातून दिलेल्या फ्लूच्या लशीने काहींचा अर्धा चेहरा लुळा पडला. तिच्यातले उत्तेजक निराळे, जंतूच्या विषाचे होते. पण ती लस मागे घ्यावी लागली, आणि तेव्हापासून नाकाचे नाव काढले की शास्त्रज्ञ दबकतात. मला ते दबकणे योग्यच वाटते.

म्हणून मान्यता मिळालेल्या लशींत हा तुकडा अजून स्नायूतच टोचतात. तेथे त्याचा लाभ रोकडा आहे: अमेरिकेत २०१७ साली मान्य झालेली अशी कावीळ-बीची लस प्रौढांना तीनऐवजी दोनच सुयांत पुरते, सहा महिन्यांऐवजी एका महिन्यात.