दुसरी संधी कोणाची?

आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही चौघी. मधल्या सुट्टीत डबे उघडले की निम्मं बोलणं वह्या तपासण्याचं आणि निम्मं कादंबऱ्यांचं. ही सवय लहानपणची. खालाजानच्या घरी उर्दू डायजेस्टचा ढीग असायचा. गोष्ट ऐन रंगात आली की खाली 'बाकी आइंदा' आणि पुढचा अंक नेमका गायब! आता सगळं मोबाइलवर मिळतं. तरी एकमेकींना सांगितल्याशिवाय कादंबरी वाचून संपली असं वाटत नाही.

घरातली पुरुषमंडळी या वाचनाला हसतात. पण ही परंपरा काही कालची नाही. डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' 1869 ची. 1898 मध्ये लाहोरहून निघालेल्या 'तहजीब-ए-निसवां' या साप्ताहिकाच्या संपादक मुहम्मदी बेगम, म्हणजे एक स्त्रीच होत्या. आमच्या अम्मीच्या पिढीने ए. आर. खातून आणि रझिया बट वाचल्या, आम्ही उमेरा अहमद आणि फरहत इश्तियाक. 2014 मध्ये 'जिंदगी' वाहिनीवर 'जिंदगी गुलजार है' आणि 'हमसफर' लागल्या, तेव्हा उर्दू न वाचणाऱ्या शेजारणीही आमच्यात सामील झाल्या.

'हमसफर'ची गोष्ट बहुतेक भगिनींना ठाऊक असेल. सासूच्या कारस्थानाने खिरदवर बालंट येतं. अशर तिची बाजू ऐकूनही घेत नाही. पोटात मूल असताना तिला घराबाहेर काढलं जातं. काही वर्षांनी मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी ती त्याच दारात येते. पुढे सत्य उघडं पडतं, अशर माफी मागतो आणि घर पुन्हा जुळतं. आम्ही तिघी रडलो. चौथी रडली नाही.

ती म्हणाली, "माफ करायचं की नाही, हे तिने ठरवलं कुठे? लेखिकेने दुसरा रस्ताच ठेवला नव्हता."

ती स्वतः तलाकशुदा आहे, म्हणून तिचं बोलणं आम्हाला लागलं. मग आठवतील तितक्या कादंबऱ्या तपासल्या. दुसरी संधी मिळते ती बहुतेक चुकलेल्या नवऱ्याला. बायकोच्या वाट्याला सब्र. मैत्रीण असलीच तर निरोप्या, नाहीतर घर फोडणारी. 'जिंदगी गुलजार है'मधली रफिया आम्हाला म्हणूनच जवळची वाटते. मुलगा नाही म्हणून नवरा दुसरी बायको करतो आणि ही शिक्षिका तीन मुलींना शिकवून उभं करते. (शिक्षिका आहे म्हणून आमचा थोडा पक्षपातही असेल!)

खरं तर या बाबतीत आपल्या हदीसच्या ग्रंथांतले प्रसंग डायजेस्टपेक्षा पुढे आहेत. सहीह बुखारीत हजरत बरीरा (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्या गुलामीतून मुक्त झाल्या, तेव्हा गुलाम असलेल्या पतीसोबत राहायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी वेगळं होणं निवडलं. पती मुगीस (रजि.) मदीनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्यामागे फिरत, अश्रूंनी दाढी भिजलेली. प्रेषित मुहम्मद (स.) यांना दया आली. त्यांनी बरीरांना परत जाण्याविषयी सुचवलं. बरीरांनी विचारलं, हा हुकूम आहे का? आपण फक्त शिफारस करतो आहोत, असं प्रेषितांनी सांगितलं. मग मला त्यांची गरज नाही, असं बरीरा म्हणाल्या आणि विषय तिथेच संपला. त्यांना कुणी नाव ठेवलं नाही.

दुसरा प्रसंग अगदी उलट. हजरत माकल बिन यसार (रजि.) यांच्या बहिणीला पतीने तलाक दिला. इद्दत संपल्यावर तोच पुन्हा निकाहचा पैगाम घेऊन आला. माकल संतापले. पुन्हा देणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. बहिणीच्या मनात मात्र परतायचं होतं. तेव्हा सूरह बकराची 232 वी आयत उतरली. दोघं रीतसर राजी असतील, तर स्त्रियांना निकाह करण्यापासून अडवू नका, असा तिचा आशय आहे. माकल यांनी राग गिळला आणि बहिणीचा निकाह लावून दिला.

एक नाही म्हणाली, एकीला परत जायचं होतं. दोघींचं ऐकलं गेलं.

हे सगळं आम्ही का काढून बसलो, तेही सांगतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या या मैत्रिणीच्या पूर्वीच्या नवऱ्याने एका बुजुर्गांकरवी पैगाम पाठवला होता. रागाच्या भरात दिलेला एकच तलाक, इद्दत केव्हाच उलटलेली. म्हणजे दोघांच्या मर्जीने नवा मेहर ठरवून नव्याने निकाह होऊ शकतो. भाईजाननी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तिला ते शेजारणीकडून तीन आठवड्यांनी कळलं. "मी कदाचित नाहीच म्हटलं असतं," ती आम्हाला म्हणाली, "पण विचारायचं तरी."

आमच्यातही एकमत नव्हतं. एकीला वाटतं, माणूस सुधारतो. दुसरीचं म्हणणं, ज्याने मुलाच्या फीचे पैसे कधी पाठवले नाहीत, तो आता काय सुधारणार! पण तो निर्णय आमचा नव्हताच. एका रविवारी तिघी तिच्या घरी गेलो. भाईजान वाईट माणूस नाहीत. सहा वर्षं बहीण-भाच्याला त्यांनीच सांभाळलं. त्यांनी चहा मागवला. आम्ही माकल यांचा प्रसंग सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मग म्हणाले, "मॅडम, ती रात्रभर रडायची, ते मी पाहिलंय."

"तेच तिला सांगा, भाईजान. आणि मग तिला विचारा."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून बहिणीला हाक मारली. ती ओढणी सावरत दारात आली. सगळं ऐकून घेतलं. आमच्याकडे पाहिलंही नाही.

"मला महिनाभर द्या," ती म्हणाली. "आणि तोवर कुणी काही विचारू नका."

अजून बारा दिवस बाकी आहेत. डबे उघडले की आम्ही दुसरंच काहीतरी बोलतो.