आईची गोळी आणि लेकीची गर्भपिशवी

बाळ धडधाकट जन्मलं की गरोदरपणी घेतलेल्या औषधांची काळजी मिटली, असं आपण धरून चालतो. आम्हीही तसंच समजत होतो. आज त्याबद्दलची अमेरिकेतली एक खरी हकिगत सांगतो.

आपल्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं. पाळी, स्तन, गर्भपिशवी यांचं काम त्याच्या निरोपावर चालतं. 1938 साली इंग्लंडमध्ये त्याची नक्कल करणारं औषध तयार झालं, डीईएस. पुढे गर्भ पडू नये म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना ते दिलं गेलं. 1953 साली शिकागोत नीट तपासून पाहिलं, तर त्यानं गर्भ टिकतच नव्हता! तरी ते देणं सुरूच राहिलं, आणखी अठरा वर्षं.

मग बोस्टनच्या डॉक्टरांकडे विशीच्या आसपासच्या मुली आल्या, योनीमार्गाचा कर्करोग झालेल्या. एवढ्या कोवळ्या वयात हा आजार कसा, ते कुणालाच उमगेना. शेवटी एका आईनंच शंका काढली, की ही पोटात असताना मी घेतलेल्या गोळ्यांमुळे तर नसेल? डॉक्टरांनी तिचं ऐकलं, हे विशेष. चौकशी केली, तर आठपैकी सात मुलींच्या आयांनी डीईएस घेतलं होतं. 1971 साली हे छापून आलं आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारनं गरोदर बायकांना ते देऊ नका असं बजावलं.

कर्करोग झाला तो हजारात एखादीला. पण कितीतरी लेकींच्या गर्भपिशवीचा आकारच वेगळा निघाला. कुणाला दिवस राहीनात, कुणाचा गर्भ नळीतच वाढला, कुणी दिवस भरण्याआधी बाळंत झाली. पुष्कळ जणींना मुलं झालीही, पण धास्ती सगळ्यांनाच.

पोटातल्या मुलीची गर्भपिशवी पहिल्या काही महिन्यांतच घडू लागते. ओल्या मडक्याला बोट लागलं तर ठसा राहतो, भाजलेल्याला लागून काही होत नाही. तसंच हे.

आपल्याकडेही दिवस गेलेत का पाहायला, पाळी आणायला, हार्मोनच्या जोरकस गोळ्या सर्रास देत. बायकांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा 1988 साली त्यांच्यावर बंदी आली.

फवारणीच्या काही औषधांतली रसायनंही हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. त्यांचा माणसांतला पुरावा डीईएसइतका थेट नाही, म्हणून उगाच घाबरवत नाही. पण गरोदर सुनेला फवारलेल्या शेतात निंदायला पाठवू नका, एवढं सासूबाईंना सांगता येईल.

पाळी चुकली तर दुकानातून गोळी आणू नका. आशाताईंकडून लघवीची तपासणी करून घ्या. लोहाच्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. प्रत्येक औषधाचं नाव कार्डावर लिहून घ्या, आणि लेक मोठी झाली तरी ते कार्ड पेटीत जपून ठेवा.