हेला (बँड)

हेला हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅक्रामेंटो येथील मॅथ रॉक बँड आहे. गिटारवादक स्पेन्सर सीम व ड्रमवादक झॅक हिल या दोघांनी २००१ साली त्याची स्थापना केली. उत्तर कॅलिफोर्नियाच्या बोलीभाषेत 'हेला' हा शब्द 'अतिशय' या अर्थाने वापरला जातो. बँडच्या बहुतांश रचना गायनाविना आहेत.

शैली

प्रचलित रॉक संगीतात प्रत्येक आवर्तनात सहसा चार मात्रा असतात. मॅथ रॉकमध्ये पाच, सात, अकरा अशा विषम मात्रांची आवर्तने योजली जातात व एकाच रचनेत ती वारंवार बदलतात. रॉक बँडमध्ये लयीचा पाया सामान्यतः ड्रम व बेस गिटार सांभाळतात. हेलाच्या मूळ रचनेत बेस गिटार नाही आणि गायकही नाही. त्यामुळे दोन्ही वाद्यांच्या नेहमीच्या भूमिका बदलतात. सीम यांची गिटार लहान, वेगवान स्वराकृती पुन्हा पुन्हा वाजवून रचनेचा सांगाडा स्पष्ट करते, तर हिल यांचे ड्रमवादन केवळ ठेका न धरता एकल वादनाप्रमाणे सतत बदलत राहते. वरवर विस्कळीत वाटणारे हे वादन ठरावीक जागी अचूक एकत्र येते. श्रोत्याला आवर्तनाचा अंदाज बहुधा गिटारवरून बांधावा लागतो.

सीम हे निन्टेन्डोच्या जुन्या व्हिडिओ गेममधील संगीत वाजवणाऱ्या 'द ॲडव्हान्टेज' या बँडमध्ये ड्रम वाजवत. त्या संगीताची छाप हेलाच्या काही रचनांवरही दिसते.

वाटचाल

हेलापूर्वी सीम व हिल 'लेग्ज ऑन अर्थ' या बँडमध्ये एकत्र होते. हेलाचा पहिला अल्बम 'होल्ड युअर हॉर्स इज' २००२ मध्ये प्रकाशित झाला. 'बिब्लिकल व्हायोलन्स' ही त्यातील विशेष परिचित रचना होय. २००४ मध्ये 'द डेव्हिल इझन्ट रेड' हा अल्बम आला.

त्यानंतर बँडने या द्विवादनाच्या चौकटीबाहेर जाण्याचा प्रयत्न केला. २००५ च्या जोडअल्बममधील 'चर्च गॉन वाइल्ड' हा भाग हिल यांनी, तर 'चर्पिन हार्ड' हा भाग सीम यांनी स्वतंत्रपणे तयार केला. 'देअर्स नो ६६६ इन आउटर स्पेस' (२००७) या अल्बमसाठी बँड पाच जणांचा झाला. त्यात बेस गिटार व ॲरन रॉस यांचे गायन होते. बेस व गायन आल्यावर लयीचा पाया आणि मुख्य सुरावट यांची जबाबदारी वाटली गेली, व बँडचा ध्वनी प्रचलित रॉक बँडच्या जवळ गेला.

'ट्रिपर' (२०११) या अल्बमात सीम व हिल पुन्हा दोघेच होते. साधनांच्या मर्यादेतून घडलेली वादनपद्धती, इतर पर्याय वापरून पाहिल्यानंतर, येथे त्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारलेली दिसते. दरम्यान हिल यांनी २०१० मध्ये स्थापन झालेल्या 'डेथ ग्रिप्स' या प्रायोगिक हिप हॉप गटातही काम सुरू केले होते.