दिवे लागतात, मग गाडी सुरू का होत नाही?

मोटारीचे पार्किंग दिवे व्यवस्थित लागलेले असतात, पण किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. दिवे लागले म्हणजे बॅटरी ठीक, असे अशा वेळी सहज वाटते. पण विजेचा साठा असणे वेगळे आणि ती वीज एका दमात देता येणे वेगळे. सुरू न होणाऱ्या मोटारींची पुष्कळशी कोडी या फरकापाशीच सुटतात.

पार्किंगचे नेहमीचे बल्ब ५ वॅटचे असतात. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक मिळून २५ वॅट, म्हणजे साधारण २ अँपिअर प्रवाह. छोट्या पेट्रोल मोटारीचा स्टार्टर, गॅरेजच्या बोलीत ‘सेल्फ’, इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर ओढतो. डिझेलचा त्याहून जास्त. मात्र त्याचे काम दोन-तीन सेकंदांत आटोपते. १५० अँपिअर ओढणारा सेल्फ दोन सेकंदांत जेवढी वीज घेतो, तेवढी पार्किंगचे दिवे अडीच मिनिटांत संपवतात! हेच दिवे दहा तास चुकून चालू राहिले, तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले सुमारे २० अँपिअर-तास खर्ची पडतात आणि सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येते.

अमेरिकेतील डेटन शहरचे चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर घडवला, तो याच क्षणभराच्या जोरावर. तोवर हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे आणि उलटा झटका बसून मनगटे मोडत. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर गाडीत मावणार नाही, असा समज होता. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या गल्लायंत्राला छोटी विजेची मोटर बसवली होती. काम काही क्षणांचेच असेल, तर लहान मोटरकडून तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त जोर काढता येतो, हे त्यांनी ओळखले. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत हा स्टार्टर आला. आजही दहा सेकंदांहून अधिक सलग सेल्फ मारू नये, थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा असे सांगतात, कारण तेवढ्यातच मोटर तापते.

जोर कमी पडतो तो बॅटरी उतरल्यामुळेच असे नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली की सांध्यात थोडासा विद्युतरोध तयार होतो. समजा, तो ०.०५ ओहम आहे. दिव्यांच्या २ अँपिअरला तिथे ०.१ व्होल्टची झळ बसते, ती डोळ्यांना कळतही नाही. पण १५० अँपिअर जायचे तर तिथेच साडेसात व्होल्ट गळून जातील. म्हणून दिवा लागतो आणि सेल्फ फिरत नाही.

त्यामुळे किल्ली फिरवताना एकाने दिव्यांकडे बघावे. दिवे एकदम मंदावले, तर उतरलेली बॅटरी, खराब टर्मिनल किंवा अडकलेला सेल्फ यांचा संशय घ्यावा. दिवे जसेच्या तसे राहिले आणि आवाजही नाही, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचलेलाच नाही. इग्निशन स्विच, रिले, सोलेनॉइडची वायर किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअरची जागा तपासावी.

इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा सेल्फ निर्दोष ठरतो. मग ठिणगी आणि इंधन पाहायचे. इग्निशन कॉइल १२ व्होल्टचे २० हजारांहून अधिक व्होल्ट करते, म्हणून प्लगच्या सुमारे एक मिलिमीटर फटीत ठिणगी उडते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात अशा १०० ठिणग्या एका सेकंदात लागतात. पूर्वी कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पावसाळी दमट हवेने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरली, की एवढा दाब भलत्याच वाटेने निसटे. टोपी कोरडी पुसली की गाडी सुरू होई. नव्या गाड्यांत किल्लीतली चिप ओळखली गेली नाही, तरी इंजिन पेट घेत नाही.

बिघाड दिव्यांतच असेल, तर शोध वेगळा. पार्किंगचा एकच दिवा गेला तर बल्ब पाहावा, एका बाजूचे सगळे गेले तर फ्यूज. इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवाही लुकलुकू लागला, तर बहुधा अर्थिंग सुटलेले असते. परतीची वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो.

बॅटरीविषयीचा संशय फेडायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर साठा भरलेला आहे. सेल्फ फिरताना तो साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरीत जोर उरलेला नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले नाहीत, तर अल्टरनेटर नीट चार्ज करत नाही आणि अशा गाडीत नवी बॅटरी घातली तरी तीही उतरणारच.