चिखलातून बांधापर्यंत : सेंद्रिय सौरघटांची गोष्ट

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागून कात्रजचा घाट उतरला की खेड शिवापूर लागते आणि थोडे पुढे भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक. इथून पश्चिमेला मावळपट्ट्यात शिरावे, तसतशी भाताची खाचरे दिसू लागतात. आषाढात खाचरातून चालताना काय होते, हे तिथल्या मुलांना सांगावे लागत नाही. बांधावरून चालले तर वाट सरते. चिखलात उतरले तर चार पावलांत पाय रुततो.

विद्यार्थी मित्रांनो, हा बांध आणि हा चिखल नीट ध्यानात ठेवा. शास्त्रज्ञांना अनेक वर्षे छळणारे एक कोडे त्यांच्याच साहाय्याने आपल्याला उलगडायचे आहे.

छपरावरचे ओझे

घरांच्या छपरांवर दिसणाऱ्या निळ्या-काळ्या सौरपट्ट्या बहुतेक सिलिकॉनच्या असतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली पहिला उपयुक्त सिलिकॉन सौरघट दाखविला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारातील चांगल्या पट्ट्या २० टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. पण सिलिकॉन शुद्ध करून त्याचे स्फटिक बनविण्यासाठी ते सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला वितळवावे लागते. शिवाय त्याच्या चकत्या ठिसूळ, म्हणून वर काच आणि भोवती धातूची चौकट हवी. साध्या पत्र्याच्या छपराला हे ओझे नेहमीच झेपते असे नाही.

याऐवजी शाईसारखा द्रव प्लॅस्टिकच्या कागदावर पसरला, तो वाळला आणि सौरपट्टी तयार झाली, तर? गुंडाळून काखेत मारावी आणि हवी तिथे अंथरावी! सेंद्रिय सौरघटांमागची कल्पना ती हीच. इथे ‘सेंद्रिय’ म्हणजे शेणखत नव्हे, तर कार्बनच्या संयुगांपासून बनलेला.

प्लॅस्टिकमधून वीज?

प्लॅस्टिक हे विजेचे रोधक, असे आपण शिकतो. म्हणूनच तारांवर त्याचे वेष्टन असते. परंतु १९६७ साली जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एक गंमत झाली. एका प्रयोगात उत्प्रेरक चुकून हजारपट पडला आणि काळ्या भुकटीऐवजी पॉलिॲसिटिलिनचा रुपेरी पापुद्रा तयार झाला. पुढे ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासह काम करताना या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची विद्युतवाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. हे संशोधन १९७७ साली प्रसिद्ध झाले आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका चुकीकडे कुतूहलाने पाहिल्याचे हे फळ!

कोडे काय होते?

सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्याच्या जागी एक ‘पोकळी’ राहते. दोघे आपापल्या वाटेने जातात आणि वीज वाहते. सेंद्रिय पदार्थात मात्र इलेक्ट्रॉन आणि पोकळी सुटे होत नाहीत. त्यांची जोडी बांधलेलीच राहते. ही जोडी फार तर १० नॅनोमीटर सरकते. तेवढ्यात ती फुटली नाही, तर इलेक्ट्रॉन परत पोकळीत पडतो आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

जोडी फोडायची तर इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ जवळ हवा. १९८६ साली सी. डब्ल्यू. टँग यांनी दोन सेंद्रिय थर एकावर एक देऊन सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळविली. त्यापुढे अडचण आली. प्रकाश पुरेसा शोषायचा तर थर सुमारे १०० नॅनोमीटर जाड हवा, आणि जोडी तर १० नॅनोमीटरमध्येच दम टाकते!

आता आपले खाचर आठवा. शेत मोठे आणि बांध एकाच कडेला असेल, तर मध्ये उभा असलेला माणूस चिखलातच अडकणार. पण शेताचे लहान लहान वाफे केले, तर कुठेही उभे राहा, बांध दोन पावलांवरच! शास्त्रज्ञांनी हेच केले. दोन पदार्थ एकावर एक न ठेवता त्यांनी ते एकमेकांत मिसळून टाकले. बहुवारिकातला इलेक्ट्रॉन फुलेरीन हा चेंडूच्या आकाराचा कार्बनचा रेणू अतिशय वेगाने ओढून घेतो, हे १९९२ साली दिसून आले. १९९५ साली या दोहोंच्या मिश्रणाचे सौरघट तयार झाले.

पण बांध नुसता जवळ असून भागत नाही. तो शेताच्या कडेपर्यंत अखंडही हवा. मधेच फुटलेल्या बांधावर इलेक्ट्रॉन अडकून पडतो.

करून पाहा

अखंड वाटेचे महत्त्व पेन्सिलीने तपासता येते. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे संमिश्र. ग्राफाइट वाहक, माती रोधक. ६बी पेन्सिलीने कागदावर दोन-तीन सेंटिमीटर लांब, रुंद आणि गडद पट्टा काढा. ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि हा पट्टा तारांनी एकापुढे एक जोडा. एलईडी मंद लागेल. (न लागल्यास त्याची टोके उलटी जोडा. तो थेट बॅटरीला लावू नका. घरातील विजेवर हा प्रयोग कदापि करू नये.) आता तसाच पट्टा एचबी पेन्सिलीने काढून पाहा. तिच्यात ग्राफाइट कमी असल्याने प्रकाश आणखी मंदावेल किंवा दिसणारच नाही. शेवटी पट्टा मधोमध खोडून टाका. काय होते?

ग्राफाइटच्या कणांऐवजी कार्बनच्या लांबट नॅनोनलिका घेतल्या, तर अगदी थोड्या मिसळूनही अखंड वाट तयार होते. ओढा ओलांडायला दगड पुष्कळ लागतात, लांब वेळू दोन-चार पुरतात, तसेच हे. अशा नलिकांची किंवा चांदीच्या नॅनोतारांची जाळी बहुवारिकात बसविली की प्रकाश आरपार जाऊ देणारा आणि तरीही वाकणारा विद्युतवाहक पापुद्रा मिळतो. तो लवचीक सौरघटाला फार उपयोगी आहे.

असा वाहक कार्बन महागड्या कच्च्या मालापासूनच करावा लागतो असेही नाही. पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबासारख्या झाडांच्या वाळलेल्या पानांपासून सच्छिद्र, वाहक कार्बन तयार केला. त्याचा उपयोग वीज साठविणाऱ्या महाधारित्रात होतो, हे त्यांनी २०१३ साली दाखवून दिले. अंगणातला पाचोळाही असा कामास येतो!

मग छपरावर का दिसत नाहीत?

प्रयोगशाळेतील सेंद्रिय सौरघट आता २० टक्क्यांच्या आसपास पोचले आहेत. पण ते बहुधा नखाएवढे असतात. हवेतील ऑक्सिजन, ओलावा आणि अतिनील किरण त्यांना हळूहळू कुरतडतात. सिलिकॉनच्या पट्ट्या पंचवीस वर्षे टिकतात. भोरच्या पावसात इतकी वर्षे तग धरील असा सेंद्रिय घट अजून सिद्ध व्हायचा आहे. म्हणून आज कोणी सल्ला विचारला, तर छपरावर सिलिकॉनच बसवा, असेच सांगावे लागेल.

म्हणजे कोडे अर्धेच सुटले आहे. इलेक्ट्रॉनला बांध मिळाला. आता तो बांध पावसाळ्यामागून पावसाळे टिकवायचा आहे. पावसाळ्यात बांध का फुटतो आणि कसा राखावा, हे ज्या शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकीच कोणी उद्या हे उरलेले अर्धे कोडे का सोडवू नये?